कागदावरची सही आणि सद्सद्विवेक

मागच्या वेळी आपण कांटचा एक भेद पाहिला: कर्तव्याला धरून वागणं वेगळं आणि कर्तव्य म्हणून वागणं वेगळं. आज हाच भेद कंपन्यांच्या इतिहासात पाहू.

१९६१ साली फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने विजेची यंत्रसामग्री बनवणाऱ्या २९ कंपन्यांना दंड केला. एरवी स्पर्धक म्हणवणारे हे लोक गुपचूप भेटून किमती ठरवत, निविदा आपसांत वाटून घेत. सात अधिकारी ३० दिवसांसाठी तुरुंगात गेले.

आता प्रश्न असा, की जनरल इलेक्ट्रिककडे नियम नव्हता का? होता की! ‘निर्देश २०.५’ १९४६ पासून होता, आणि अधिकारी त्यावर सह्याही करत. पण हे वरिष्ठ मनापासून सांगत नाहीत, अशी अनेकांची समजूत होती. म्हणजे सही होती, नियम मात्र जगत नव्हता.

पुढे १९९१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षाविषयक मार्गदर्शक सूत्रांनी सांगितलं, की परिणामकारक अनुपालन व्यवस्था असेल तर दंड कमी होईल. १९९६ च्या केअरमार्क निकालाने संचालकांना बजावलं, की गैरप्रकाराची माहिती वरपर्यंत पोचेल अशी सोय करा. त्यामुळे वकिलाचा सल्लाही बदलला. ‘नियम लिहा’ एवढ्यावर भागेना, ‘तो चालतो हे दाखवा’ असं सांगावं लागलं.

पण दंड वाचवण्यासाठी पाळलेली नीती ही नीती म्हणायची का? कांट नाही म्हणेल. आणि गंमत पाहा, २००४ मध्ये त्याच सूत्रांत नैतिक आचरणाला उत्तेजन देणारी ‘संस्कृती’ हवी, असं घालावं लागलं. कायद्यालाही अखेर सहीच्या पलीकडे पाहावं लागलं.