वेदना संपवण्याची किंमत

दुःख मुळापासून संपवता येईल का, असा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तर देण्याआधी तुम्हाला हैदराबादला घेऊन जातो.

१८४७ मध्ये एडिंबराच्या सिम्प्सननं प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरलं. कळा देवानंच दिल्यात, त्या थांबवायच्या कशाला, असा आक्षेप निघालाच. १८५३ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियानं बाळंतपणात ते घेतलं, तेव्हा कुरकुर बरीच निवली.

खरी अडचण वेगळी होती. जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. नख!

अशी माणसं श्वास थांबून मरतात की हृदय बंद पडून? हे शोधायला १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या हैदराबादेत दोन आयोग बसले. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत, श्वासाकडे बघा, नाडीचं सोडा. शेकडो जनावरांवर, मुख्यतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले आणि कौलही तोच आला. तो अर्धाच खरा होता. १९११ मध्ये लेव्हीनं मांजरांवर दाखवलं की भूल हलकी असतानाही हृदय एकाएकी बंद पडू शकतं.

मी स्वतः अक्कलदाढ काढताना भूल मागून घेतली, तेव्हा वेदनेचं गुणगान माझ्याकडून होणार नाही. पण त्या सुईमागे ही कुत्री, ही मांजरं आहेत, आणि हॅनाही. तिचं दुसरं नख काही महिन्यांपूर्वीच इथरखाली काढलं होतं. तेव्हा ती सुखरूप घरी गेली होती.