नासिका-सौंदर्यशस्त्रक्रिया

नाकाची उंची, लांबी वा रुंदी, दांड्यावरील उंचवटा, शेंड्याची ठेवण आणि नाकपुड्यांचा विस्तार यांत रुग्णाच्या इच्छेनुसार फेरफार करण्यासाठी, बहुधा निरोगी नाकावरच केली जाणारी शस्त्रक्रिया. अपघाताने, रोगाने किंवा शिक्षेने गमावलेले नाक नव्याने उभारण्याची विद्या हिच्याहून कितीतरी जुनी असून तिच्या अर्वाचीन इतिहासाचा एक ठळक दुवा पुणे शहराशी जडलेला आहे.

सुश्रुतसंहितेत तुटलेल्या नाकाचे माप झाडाच्या पानाने घेऊन, गालाच्या त्वचेचा तेवढा भाग देठासह उचलून नाकाच्या जागी सांधावा आणि श्वासमार्ग खुला राहावा म्हणून आत नळ्या बसवाव्यात, असा विधी सांगितला आहे. पुढे गालाऐवजी कपाळाची त्वचा घेण्याची रीत रूढ झाली आणि शास्त्रग्रंथांच्या अध्ययनापासून दूर असलेल्या काही घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या हस्तकौशल्य म्हणून जतन केली. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ नाकावाचून काढल्यावर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात घडवून, तो कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ आखायची, तेवढी त्वचा सोलून भुवयांमधील अरुंद देठावर खाली वळवायची, कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लेपून सांधा धरायचा, आणि रक्तपुरवठा नव्या जागी रुजल्यावर सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ छेदायचा, अशी ही कृती होती. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ती पाहिली, चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात तिची हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने दीर्घ तयारीनंतर १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. ज्याच्या हातून ही विद्या युरोपास पोहोचली, त्या पुण्याच्या कारागिराचे नाव त्या हकीकतीत कोणी नोंदविले नाही, ही गोष्ट आजही मनाला लागते.

निरोगी नाक केवळ शोभेसाठी बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. अमेरिकेतील जॉन ऑर्लँडो रो याने १८८७ साली बाहेर व्रण न ठेवता नाकपुडीच्या आतून शेंडा लहान करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि बर्लिनच्या जॅक जोसेफ याने १८९८ पासून पुढे मोठे नाक लहान करण्याचे तंत्र पद्धतशीरपणे विकसित केले. या दोन परंपरांमधील भेद विचार करणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावा. कावसजीपाशी गमावण्यासारखे काही उरले नव्हते, त्यामुळे जे मिळाले तो सारा लाभच होता. उलट आज शल्यचिकित्सकाकडे जाणाऱ्या बहुतेकांचे नाक श्वसनाचे काम बिनतक्रार बजावीत असते, आणि म्हणून रूपात काय मिळणार याच्याइतकाच, किंबहुना त्याच्याही आधी, श्वासात काय गमावण्याचा संभव आहे हा प्रश्न त्यांनी विचारला पाहिजे.

त्या प्रश्नाचे उत्तर नाकाच्या रचनेत आहे. दांड्याचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग अस्थींचा, मधला भाग वरच्या पार्श्वकूर्चांचा आणि शेंडा खालच्या दोन कमानदार कूर्चांचा असतो. या सर्वांना मधून आधार देतो तो नाकाचा पडदा. वरच्या पार्श्वकूर्चा जेथे पडद्याला मिळतात तेथे श्वासमार्ग सर्वांत अरुंद असतो, आणि दांड्यावरील उंचवटा तासताना हा सांधा सुटला व पुन्हा नीट बांधला गेला नाही, तर कालांतराने मधला भाग आत चेपतो व श्वास घेताना नाक बंद झाल्यासारखे वाटू लागते. विसाव्या शतकाच्या मध्यात जितके काढता येईल तितके काढण्याची प्रवृत्ती प्रबळ होती आणि तिची फळे अनेकांनी दहा-वीस वर्षांनी भोगली. जॅक शीन याने १९८४ साली पडदा आणि पार्श्वकूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या लहान पट्ट्या बसवून हा मार्ग रुंद ठेवण्याची तजवीज वर्णिली, तेव्हापासून आधार राखून आकार देण्याकडे या शास्त्राचा कल झुकला. नव्या आधारासाठी लागणारी कूर्चा प्रथम पडद्यातून घेतात, परंतु तेथेही दांड्याच्या व पुढच्या कडेने किमान सुमारे १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी अबाधित ठेवावी लागते. पडद्यातील कूर्चा अपुरी पडली तर कानाची आणि त्याहून अधिक हवी असल्यास बरगडीची कूर्चा घेतात. सांगाडा कितीही रेखीव घडविला तरी त्यावर त्वचेचे आवरण येणारच. आपल्याकडे अनेकांच्या नाकाच्या शेंड्याची त्वचा जाड व तैलयुक्त असते आणि अशा त्वचेखाली सूक्ष्म कोरीव काम उमटत नाही. परदेशी नटीचे छायाचित्र पुढे ठेवून तसेच नाक मागणाऱ्यास प्रामाणिक चिकित्सक हीच गोष्ट प्रथम सांगतो.

पहिली भेट ही या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत मोलाची पायरी होय. चिकित्सकाने नाकाच्या आत दिवा धरून पडदा तपासला की नाही, श्वासाविषयी, घोरण्याविषयी, पूर्वीच्या मारांविषयी विचारले की नाही, आणि त्वचा व कूर्चा बोटांनी दाबून पाहिल्या की नाही, यावरून त्याच्या कामाची प्रत बरीचशी कळते. संगणकावर भावी नाकाचे चित्र दाखविण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. दोघांच्या मनातील अपेक्षा एकच आहे की नाही हे पडताळण्यास ती उपयोगी पडते, पण ते चित्र म्हणजे हमी नव्हे. रुग्णानेही आपल्याला नेमके काय खटकते ते एका वाक्यात सांगता येते का, हे घरीच पाहावे. ज्याला दांड्यावरचा उंचवटा नकोसा वाटतो त्याचे समाधान होऊ शकते. ज्याला आपले संसार, नोकरी आणि एकाकीपण या सर्वांचे मूळ नाकात दिसते, त्याचे समाधान कोणत्याही शस्त्राने होत नाही. आपल्या शरीरात काल्पनिक किंवा क्षुल्लक दोष पाहून त्यातच दिवसरात्र गुरफटून राहण्याचा एक मानसिक विकार आहे, आणि सौंदर्यशस्त्रक्रियेची मागणी करणाऱ्यांत त्याचे प्रमाण इतर समाजापेक्षा अधिक आढळते. अशा व्यक्तीस मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणे हाच खरा उपचार ठरतो. दूरध्वनीच्या कॅमेऱ्याने हाताच्या अंतरावरून टिपलेले स्वतःचे छायाचित्रही प्रमाण मानू नये, कारण सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या चित्रात नाकाचा पाया दीड मीटरवरून काढलेल्या चित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो, असे गणिताने दाखवून देण्यात आले आहे.

चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे मुलींच्या बाबतीत साधारण पंधराव्या-सोळाव्या आणि मुलांच्या बाबतीत सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत, ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. आपल्या समाजात हा विचार पुष्कळदा मुलीचे लग्न जुळविण्याच्या सुमारास, आणि कित्येकदा तिच्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात, प्रथम उद्भवतो. येथे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे: जिचे नाक आहे तिची स्वतःची, दडपणाविना आलेली इच्छा नसेल, तर ही शस्त्रक्रिया होऊ नये. आणि तिची इच्छा असली तरी मुहूर्ताच्या आधी काही आठवडे ती उरकणे योग्य नाही, कारण त्या काळात नाक सुजलेले असते आणि नथीचा भार त्याला मुळीच सोसण्यासारखा नसतो. नथ किंवा चमकी शस्त्रक्रियेपूर्वी काढावी लागते आणि चिकित्सकाने अनुज्ञा दिल्यावाचून पुन्हा घालता येत नाही. चाप लावून बसणारी नथही याला अपवाद नाही.

तयारीत तंबाखू सोडण्याला सर्वाधिक महत्त्व आहे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात व त्वचा भरून येण्यास विलंब लागतो, म्हणून आधी व नंतर किमान काही आठवडे विडी-सिगारेट, चघळण्याची तंबाखू आणि मिश्री वर्ज्य करावी. तपकीर तर प्रत्यक्ष नाकातच ओढली जात असल्यामुळे तिचा त्याग निरपवाद होय. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे थांबवावी लागतात, परंतु ती हृदयविकारासाठी चालू असतील तर ज्या वैद्याने दिली त्याच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि सामान्यतः दीड ते तीन तास चालते. तिच्या दोन पद्धती आहेत: एकीत सर्व छेद नाकपुड्यांच्या आत घेतात, तर दुसरीत दोन नाकपुड्यांमधील मांसल स्तंभावर एक लहानसा बाह्य छेद घेऊन त्वचा वर उचलतात व सांगाडा उघडा करून काम करतात. बाह्य छेदाचा वण बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत शोधूनच दिसावा इतका फिका पडतो, त्यामुळे केवळ वणाच्या भीतीने पद्धत निवडणे बरोबर नाही. ज्या पद्धतीत चिकित्सकाचा हात बसलेला आहे तीच रुग्णाच्या हिताची. अस्थी अरुंद करावयाच्या असतील तर त्या नियोजित रेषेवर छेदून आत सरकवितात, आणि म्हणूनच नंतर डोळ्यांभोवती निळसर काळेपणा येतो.

वेदनेपेक्षा या शस्त्रक्रियेत अस्वस्थताच अधिक असते. नाक चोंदल्यामुळे पहिले काही दिवस तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो आणि झोप नीट लागत नाही. सूज व काळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असून दहा ते चौदा दिवसांत बव्हंशी ओसरतो. नाकावरील आधारपट्टी साधारण एका आठवड्याने काढतात. डोके उंच ठेवून निजावे, शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्यावी, काही आठवडे नाक शिंकरू नये, ओणवे होऊन जड उचलू नये, आणि चष्म्याचा भार सुमारे चार ते सहा आठवडे दांड्यावर टेकू देऊ नये. आठ-दहा दिवसांत बैठे काम पुन्हा सुरू करता येते, परंतु ज्या खेळांत चेहऱ्यावर आघाताचा संभव असतो त्यांना याहून पुष्कळ अधिक काळ थांबावे लागते. पट्टी निघाल्यावर आरशात दिसणारे नाक हे अंतिम नाक नव्हे, हे आधीच मनाशी पक्के करून ठेवावे. तेव्हा शेंडा फुगीर व किंचित वर उचललेला दिसतो आणि अनेक रुग्ण याच दिवसांत खचून जातात. बराचसा उतार पहिल्या काही महिन्यांत पडतो, खरा आकार वर्षभराने दिसतो आणि जाड त्वचेच्या शेंड्यास त्याहूनही अधिक अवधी लागतो. शेंड्याची बधिरताही सहसा काही महिन्यांत कमी होत जाते.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्यास छिद्र पडणे, दोन्ही बाजूंत विषमता राहणे आणि श्वासास अडथळा होणे, हे या शस्त्रक्रियेतील प्रमुख धोके होत. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सामान्यतः शेकडा ५ ते १५ असे सांगितले जाते, आणि ते निष्णात हातांनाही लागू आहे. दुरुस्तीची शस्त्रक्रिया, सूज पूर्ण ओसरावी म्हणून, सामान्यतः वर्षभर थांबून करतात. ती पहिल्यापेक्षा कठीण असते, कारण ऊती व्रणमय झालेल्या असतात आणि पडद्यातील कूर्चा बहुधा आधीच खर्ची पडलेली असते.

शस्त्राऐवजी सुईने फिलर भरून दांडा उंच करण्याचा उपाय हल्ली पुष्कळ ठिकाणी सुचविला जातो. हायल्यूरॉनिक आम्लाचा हा द्रव तात्पुरता आकार देतो, नाक लहान करू शकत नाही, आणि तो चुकून रक्तवाहिनीत शिरला तर त्वचा मृत होण्याचा, क्वचित प्रसंगी नेत्राच्या रक्तवाहिनीपर्यंत जाऊन कायमचे अंधत्व येण्याचा धोका असतो. जेथे तो विरघळविणारे औषध व ते वापरण्याचे ज्ञान दोन्ही हाताशी नाहीत, अशा सौंदर्यप्रसाधनगृहात तो कदापि घेऊ नये.

खर्चाविषयी एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेस आरोग्यविमा सामान्यतः लागू होत नाही. वाकड्या पडद्यासारखा श्वसनाचा दोष असेल तर त्या भागापुरती मंजुरी मिळू शकते, म्हणून विमापत्राच्या अटी आधी वाचून लेखी खुलासा मागून घ्यावा. दुरुस्तीची वेळ आल्यास तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हेही पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. भारतात प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम उच्च पदवीधारक, तसेच या कामाचे विशेष प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा तज्ज्ञ, ही शस्त्रक्रिया करतात. भिंतीवरील अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांवर इतबार ठेवू नये. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक ॲलोपॅथी चिकित्सकाची नोंद राज्याच्या वैद्यक परिषदेकडे असावी लागते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी वाचकांनी ती नोंद आणि तिच्यापुढे लिहिलेली पदवी स्वतः पडताळून पाहावी.