कुकर का फुटायचा? बेंगळुरूतल्या एका रिंगेची गोष्ट



मुंबईहून बेंगळुरूला राहायला आलेल्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "इथं डाळ नीट शिजतच नाही." मग दोष कधी डाळीला, कधी वाण्याला, तर कधी नव्या शेगडीला दिला जातो. बोअरवेलच्या जड पाण्याचा त्यात हात असतोच. त्या पाण्यातल्या चुन्यामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. पण दुसरं कारण भूगोलाचं आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि पाणी १०० ऐवजी ९७ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यात तुम्ही आच कितीही वाढवा, पाणी त्याच्या वर तापत नाही. वाफ मात्र जास्त होते आणि गॅस वाया जातो.

प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि तेच पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचतं. म्हणून बेंगळुरूत कुकर ही चैन नाही, गरज आहे. आणि योगायोग असा, की देशातल्या लाखो घरांत गेलेला एक कुकर याच शहरात तयार होऊ लागला. आज आपण त्या कुकरचा इतिहास बघणार आहोत. पण त्याच्या झाकणातल्या रबरी रिंगेच्या आणि एका छोट्या झडपेच्या बाजूने. आपण बाजारातून एखादी वस्तू घेतो आणि ती दगा देते, तेव्हा जबाबदार कोण, हा प्रश्न या दोन स्वस्त भागांनी जितका स्पष्ट विचारलाय तितका क्वचितच कुणी विचारला असेल.

थोडं मागे जाऊ. १६७९ साली डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाडजूड बंद भांडं मांडलं. त्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. पण कोंडलेली वाफ भांडं फोडू शकते, हेही लगेच लक्षात आलं. म्हणून पापँने त्याला एक झडप जोडली. वजन ठेवलेली दांडी, दाब मर्यादेबाहेर गेला की वर उचलली जाणारी. आपल्या कुकरची शिट्टी ही त्या झडपेची वंशज. म्हणजे बघा, कुकर आणि त्याची सुरक्षा या दोन गोष्टी जवळपास एकत्रच जन्माला आल्या. एक दुसरीशिवाय वापरण्याजोगी नव्हतीच.

भारतात घरगुती कुकरने जम बसवला तो १९५९ च्या आसपास. त्या वर्षी मुंबईत हॉकिन्स सुरू झाली. त्याच सुमारास टीटीके समूहाने ब्रिटनच्या प्रेस्टीज कंपनीशी तांत्रिक करार केला आणि बेंगळुरूत कुकर बनवायला घेतले. या समूहाचे संस्थापक टी. टी. कृष्णम्माचारी पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, हे अनेकांना आठवत असेल.

दोन्ही कुकरांची घडण वेगळी होती. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं. वाफेचा दाबच त्याला घट्ट धरून ठेवतो आणि दाब उतरल्याशिवाय ते उघडत नाही. प्रेस्टीजचं झाकण बाहेरून बसतं, फिरवून अडकवायचं. आपल्याकडे कुकर घेताना "आतल्या झाकणाचा की बाहेरच्या?" यावर अजूनही घराघरांत दोन पक्ष पडतात. सासरी एक आणि माहेरी दुसरा असेल तर बघायलाच नको.

सत्तरच्या दशकात कुकरची मागणी वाढली त्याला इंधनाचंही कारण होतं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. रॉकेल रेशनवर मिळायचं, गॅसच्या जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. १९७८ मध्ये सरकारने इंधन बचतीसाठी पीसीआरए ही संस्था काढली आणि कुकर वापरा, गॅस वाचवा, हा सल्ला घरोघरी पोहोचू लागला. खाली पाणी, त्यावर वरणाचं भांडं, त्यावर भाताचं भांडं, आणि एकाच आचेवर दोन पदार्थ. "कुकर लावला का?" हा प्रश्न तेव्हापासून मराठी घरात "स्वयंपाकाला सुरुवात झाली का?" याच अर्थाने विचारला जातो.

आणि याच काळात कुकर फुटू लागले.

टीटीके समूहाचे टी. टी. जगन्नाथन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात आणि मुलाखतींतही हा प्रसंग सांगितला आहे. उत्तर भारतात विक्री का होत नाही हे बघायला ते गेले, तेव्हा विक्रेत्याने तोंडावर सांगितलं की तुमचे कुकर फुटतात. आता कारखान्यातून निघालेला प्रत्येक कुकर तपासलेला होता. मग फुटत का होते?

त्यासाठी कुकरमधली सुरक्षा कशी चालते ते समजून घेऊ. पहिला पहारेकरी म्हणजे शिट्टीचं वजन. दाब वाढला की ते उचललं जातं आणि वाफ बाहेर पडते. पण डाळीचा फेस किंवा एखादं साल त्या नळीत अडकलं तर हा पहारेकरी आंधळा होतो. म्हणून दुसरा ठेवलेला असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. कुकर प्रमाणाबाहेर तापला की हा धातू वितळतो, भोक पडतं आणि वाफ निघून जाते. कुकर वाचतो, माणूस वाचतो. फक्त तो व्हॉल्व्ह गेला, नवा बसवायचा.

आणि गोम नेमकी इथेच होती. नवा व्हॉल्व्ह आणायला गिऱ्हाईक जवळच्या दुकानात जायचं. तिथे अस्सल भागाशेजारी हुबेहूब दिसणारा नकली भाग असायचा, स्वस्तात. तो बसायचा व्यवस्थित, दिसायचाही तसाच, पण वेळ आली की वितळायचा नाही. दोन्ही वाटा बंद झाल्या की वाफ तिसरी वाट काढायची, आणि ती वाट म्हणजे झाकण.

अशा वेळी कंपनीला सोपं उत्तर देता आलं असतं: "आम्ही अस्सल भाग वापरा असं लिहिलं होतं, तुम्ही वापरला नाहीत, आता आम्ही काय करणार?" कागदावर हे उत्तर बिनचूक ठरलं असतं. पण जगन्नाथन यांनी वेगळा विचार केला. लोक नकली भाग लावणारच, हे गृहीत धरूनही कुकर फुटता कामा नये. त्यातून आली गॅस्केट रिलीज सिस्टिम. झाकणाच्या कडेला एक खाच. दाब धोक्याच्या पातळीवर गेला की रबरी रिंगच त्या खाचेतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ तिथून निसटते. शिट्टी अडली, व्हॉल्व्ह नकली निघाला, तरी तिसरा पहारेकरी जागा असतो. आज बाहेरच्या झाकणाचा कुकर हातात घेऊन बघा, कडेला ती लांबट खाच दिसेल. रोज घासताना तिच्यावरून हात फिरतो, पण ती कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मला या गोष्टीत तंत्रापेक्षा वृत्ती मोठी वाटते. गिऱ्हाईक स्वस्त भाग घेतं यात त्याचा गुन्हा नाही. नकली भाग ओळखण्याचं साधन त्याच्या हातात नाही. ज्याच्या हातात ज्ञान आहे आणि ज्याला नफा मिळतो, त्याने ओझं उचलावं, एवढं साधं तत्त्व त्या खाचेत आहे.

हेच तत्त्व कायद्यात यावं म्हणून महाराष्ट्रात त्याच दशकात माणसं झटत होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र करायची आणि माल घाऊक दरात, तपासून आणायचा. एकट्या गिऱ्हाईकाला दुकानदार उडवून लावेल, पण संघटित गिऱ्हाईकांना उडवता येत नाही, हा त्यातला धडा. देशभरातल्या अशा प्रयत्नांनंतर २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो.

आता पुन्हा बेंगळुरूला येऊ. २००७ मध्ये याच शहरात फ्लिपकार्ट सुरू झाली, आधी पुस्तकांसाठी. पुढे "माल घरी आल्यावर पैसे द्या" ही सोय आली आणि लोकांची भीड चेपली. खरेदीची जुनी कटकट, म्हणजे रांग, नंबर, "स्टॉक नाही", ही सगळी गेली. हे सुख लहान नाही. चिक्कपेटेच्या गर्दीत जड कुकर उचलून आणण्यापेक्षा तो दारात यावा, हे कुणाला नको असेल?

पण जुना प्रश्न नव्या वेशात आला. सरकारने घरगुती कुकरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएस २३४७ या मानकाची खूण, म्हणजे आपल्या ओळखीचा आयएसआय मार्क, सक्तीचा झाला. तरीही असा मार्क नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला. अॅमेझॉनवरून असे २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर गेले होते. त्या प्रत्येक गिऱ्हाईकाला कळवा, कुकर परत घ्या आणि पैसे द्या, असा आदेश निघाला. कंपन्यांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

अशा प्रकरणांत ऑनलाइन कंपन्यांचं म्हणणं असतं की विकणारा दुसराच, आम्ही नुसती बाजारपेठ. त्यावर प्राधिकरणाचा मुद्दा सरळ होता: प्रत्येक विक्रीवर तुम्ही शुल्क घेता, मग वस्तू सदोष निघाल्यावर अंग कसं काढून घेता?

मंडळी, दोन बेंगळुरू शेजारी ठेवून बघा. एकात उत्पादक स्वतःचा नसलेला दोष स्वतःच्या झाकणावर घेतो. दुसऱ्यात दोष कुणाचा हे शोधतानाच गिऱ्हाईक दमतं. मध्यंतरी मी ऑनलाइन एक रिंग मागवली. पाकिटावर "ओरिजिनल" लिहिलेलं, पण पहिल्याच दिवशी कडेने वाफ सुटायला लागली. तक्रारीला उत्तर देणारं यंत्र मला पुनःपुन्हा एकच विचारत होतं, "तुमचं समाधान झालं का?" शेवटी मल्लेश्वरमच्या एका भांड्यांच्या दुकानात गेले. तिथले आजोबा रिंग दाखवायच्या आधीच म्हणाले, "मुच्चळ तन्नी." झाकण घेऊन या. झाकण न बघता त्यांनी रिंग दिलीच नसती. त्या दोन कन्नड शब्दांत विक्रेत्याचं अख्खं कर्तव्य आहे. जुनं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. नकली व्हॉल्व्ह विकणारी दुकानंही जुन्याच काळातली होती. पण तिथे विकणाऱ्याला चेहरा होता, परत जाऊन जाब विचारता यायचा.

२०१९ चा नवा कायदा तो चेहरा परत मिळवून देण्याचा प्रयत्न आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही जबाबदार धरता येतं. पण कायदा आपोआप चालत नाही, तो आपण चालवावा लागतो.

म्हणून जाता जाता चार कामाच्या गोष्टी. कुकर घेताना आयएसआय मार्क आणि त्याखालचा सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. बीआयएस केअर अॅपवर तो खरा आहे का ते तपासता येतं. रिंग आणि व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, पावतीसह घ्या. कुकर लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसतं का ते पाहा. आणि फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. "दोनशे रुपयांच्या रिंगेसाठी कोण भांडत बसणार?" असं म्हणू नका. दोनशे रुपयांच्या भागावरच तर घरातल्या माणसांचा जीव टांगलेला असतो.

भेटू पुढच्या भागात.