मादकद्रव्य चाचणी, कल्याण-लाभार्थींची

शासकीय आर्थिक साहाय्य मागणाऱ्या किंवा घेणाऱ्या व्यक्तीने मादकद्रव्याचे सेवन केलेले नाही, हे लघवी, लाळ किंवा केसांच्या तपासणीतून दिसल्यावरच साहाय्य द्यावे, अशी अट. ती कायद्यात आणण्याचे सर्वाधिक प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाले. विशिष्ट व्यक्तीविषयी संशयाला जागा नसताना सर्वच अर्जदारांची घेतलेली चाचणी तेथील न्यायालयांत टिकली नाही. संशयावर आधारलेली चाचणी मात्र अनेक राज्यांत रूढ झाली. विषयाला सार्वजनिक आरोग्य आणि अर्थकारण अशा बाजू आहेत. तथापि त्याला निश्चित आकार मिळाला तो न्यायनिर्णयांतून. म्हणून येथे त्यांचा परामर्श अधिक घेतला आहे.

पार्श्वभूमी : १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबांतील मुलांसाठी सुरू झालेले साहाय्य पुढे सहा दशके चालू होते. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कल्याण-सुधारणा कायद्यावर सही केली आणि या जुन्या साहाय्याची जागा ‘गरजू कुटुंबांसाठी तात्पुरते साहाय्य’ (टॅन्फ) या योजनेने घेतली. राज्यांना ठोक केंद्रीय अनुदान, लाभार्थीला कामाची सक्ती आणि केंद्रीय पैशातून मिळणाऱ्या लाभाला सर्वसाधारणपणे ६० महिन्यांची कमाल मर्यादा, ही तिची वैशिष्ट्ये. या कायद्याच्या कलम ९०२ नुसार लाभार्थींची मादकद्रव्य चाचणी घेण्यास व मादकद्रव्याचा अंश आढळल्यास लाभ रोखण्यास राज्यांना केंद्राकडून आडकाठी राहिली नाही. कलम ११५ ने मादकद्रव्यविषयक गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना रोख साहाय्य व अन्नसाहाय्य आजन्म नाकारले; राज्यांना त्यातून बाहेर पडण्याची मुभा होती. खून किंवा दरोड्याच्या शिक्षेला १९९६ च्या कायद्यात अशी बंदी नव्हती.

घटनात्मक प्रश्न : अमेरिकी संविधानाची चौथी दुरुस्ती नागरिकाला शासनाच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. शासनाने सक्तीने घेतलेली लघवीची चाचणी ही झडतीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्किनर खटल्यात ठरवले; त्याच वेळी रेल्वे अपघातानंतर कर्मचाऱ्यांची चाचणी घेणे वैध मानले. सार्वजनिक सुरक्षिततेसारखी ‘विशेष निकड’ असेल तर संशयाविनाही चाचणी घेता येते, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. सीमाशुल्क खात्याचे काही कर्मचारी (१९८९) आणि शालेय खेळाडू (१९९५) या अपवादात बसले. जॉर्जिया राज्याने निवडणुकीच्या उमेदवारांना घातलेली चाचणीची अट मात्र १९९७ मध्ये चँडलर खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी रद्द झाली. ठोस धोका दाखवता येत नसेल तर केवळ प्रतीकात्मक हेतू पुरेसा नाही, असा त्या निकालाचा आशय. लाभार्थींच्या चाचणीचे समर्थन करताना राज्यांची भिस्त मुख्यतः १९७१ च्या वायमन खटल्यावर होती. लाभार्थीच्या घरी समाजसेवा कर्मचाऱ्याने दिलेली भेट त्यात वैध ठरली होती.

मिशिगन : सरसकट चाचणीचा पहिला राज्यस्तरीय कायदा. निवडक कार्यालयांत १ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरू झालेला प्रयोग पाच आठवड्यांत न्यायालयाने थांबवला. तोवर २६८ जणांची चाचणी होऊन २१ जण सदोष (म्हणजे मादकद्रव्याचा अंश असलेले) आढळले. तिघे वगळता बाकीच्यांत केवळ गांजाचा अंश होता. जिल्हा न्यायाधीश व्हिक्टोरिया रॉबर्ट्स यांचा मनाई हुकूम अपिलात २००२ मध्ये फिरवला गेला. २००३ मध्ये सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठात मते समसमान पडल्याने तो पुन्हा कायम झाला. त्यानंतर राज्याने तडजोड केली.

फ्लॉरिडा : या विषयातील सर्वांत तपशीलवार न्यायालयीन नोंद. राज्यपाल रिक स्कॉट यांनी ३१ मे २०११ रोजी सही केलेला कायदा १ जुलैपासून लागू झाला. टॅन्फच्या प्रत्येक प्रौढ अर्जदाराने स्वखर्चाने चाचणी करून घ्यायची आणि निकाल निर्दोष आला तर पैसे परत मिळायचे, अशी व्यवस्था होती. निकाल सदोष आल्यास एक वर्ष अपात्रता. उपचार पूर्ण केल्यास सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येई. मुलांच्या वाट्याची रक्कम बंद होत नसे, ती अन्य व्यक्तीच्या हाती दिली जाई.

माजी नौसैनिक व विद्यापीठाचा विद्यार्थी असलेल्या, एका लहान मुलाच्या एकट्या पालकाने चाचणीस नकार देऊन दावा लावला (लेब्रॉन खटला). पात्र ठरला असता तर त्याला महिन्याला २४१ डॉलर मिळणार होते. न्यायाधीश मेरी स्क्रिव्हन यांनी २४ ऑक्टोबर २०११ रोजी अंमलबजावणीला स्थगिती दिली. म्हणजे कायदा प्रत्यक्षात चार महिनेही चालला नाही. या काळात ४,०४६ अर्जदारांची चाचणी झाली, १०८ जण (२.६७ टक्के) सदोष ठरले. निर्दोष ठरलेल्यांना राज्याने १,१८,१४० डॉलर परत केले. याखेरीज सु. २,३०० पात्र अर्जदारांनी चाचणीच केली नाही. ते व्यसनी असल्याने मागे हटले, असा अर्थ समर्थक लावतात. पदरचे पैसे, प्रवास किंवा तत्त्वाचा आग्रह ही कारणे विरोधक देतात. यांचा निवाडा करण्याजोगा पुरावा खटल्यात आला नाही.

मुलांचे संरक्षण, लाभार्थीची कामासाठीची तयारी आणि सार्वजनिक पैसा मादकद्रव्यांकडे वळू न देणे, ही विशेष निकड असल्याचा राज्याचा युक्तिवाद होता. मात्र अर्जदारांमध्ये व्यसनाचे प्रमाण इतरांहून अधिक किंवा वेगळे आहे, हे राज्याला दाखवता आले नाही. अर्ज ऐच्छिक असल्याने संमती गृहीत धरावी, हा मुद्दाही फेटाळला गेला. लाभाच्या बदल्यात घटनात्मक हक्क सोडायला लावता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी कायदा कायमचा रोखण्यात आला आणि ३ डिसेंबर २०१४ रोजी अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने न्यायाधीश स्टॅन्ली मार्कस यांच्या निकालपत्राने तो निर्णय उचलून धरला.

संशयाधारित चाचणी : फ्लॉरिडाच्या अनुभवानंतर राज्यांनी दोन टप्प्यांची पद्धत पसंत केली. अर्जदाराने आधी लेखी प्रश्नावली भरायची. उत्तरांवरून संशय आला तरच चाचणी. २०१७ पर्यंत ॲरिझोना, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेनेसी, यूटा आदी १५ राज्यांत या ना त्या स्वरूपाचा कायदा झाला होता. यूटात पहिल्या वर्षी (२०१२-१३) ४,७३० अर्जदारांपैकी १२ जण सदोष निघाले आणि खर्च ३० हजार डॉलरांवर गेला. टेनेसीत २०१४ च्या उत्तरार्धात सु. १६,००० अर्जदारांमागे ३७, तर मिसूरीत २०१४ मध्ये ३८,९७० अर्जदारांपैकी ४४६ जणांच्या चाचण्या होऊन ४८ जण सदोष ठरले. मिसूरीचा खर्च सु. ३.३६ लाख डॉलर. हे आकडे व्यसनाचे खरे प्रमाण दाखवत नाहीत. प्रश्नावलीत स्वतःविरुद्ध कोणी सहसा लिहीत नाही आणि चाचणीला न येणारे गणनेबाहेर राहतात.

चाचणीचे तंत्र : अमेरिकी केंद्रीय नियमांनुसार कामाच्या ठिकाणच्या चाचणीत नमुना घेताना शौचकूपात निळा रंग टाकतात, म्हणजे तेथील पाणी मिसळता येत नाही; शिवाय चार मिनिटांच्या आत बाटलीवरील पट्टीवर तापमान ३२ ते ३८ अंश से. असावे लागते. प्राथमिक तपासणी प्रतिपिंडांवर आधारलेली असते. ती सदोष आली तर वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांनी खात्री करतात. गांजाचे अवशेष नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे आढळतात, कोकेनचे मात्र दोन-चार दिवसच. मद्य त्याहूनही लवकर निघून जाते. खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिनचा अंश असू शकतो. म्हणून अमेरिकेत मॉर्फिनची प्राथमिक मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरमागे ३०० वरून २,००० नॅनोग्रॅम करण्यात आली. चाचणीतून सेवन कळते. व्यसन किंवा कामाची अक्षमता कळत नाही.

बेकारी भत्ता : अमेरिकेत हा भत्ता मागणाऱ्यांच्या चाचणीला २०१२ च्या केंद्रीय कायद्याने मर्यादित परवानगी दिली. त्याच्या अंमलबजावणीचा २०१६ चा नियम २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रद्द केला. २०१९ मध्ये अधिक सैल नियम आला.

इतर देश : ऑस्ट्रेलियात २०१७ च्या अर्थसंकल्पात कँटरबरी-बँक्सटाउन, लोगन व मँडुरा येथे ५,००० नव्या लाभार्थींवर चाचणीचा प्रयोग जाहीर झाला; पण सिनेटमध्ये पाठिंबा न मिळाल्याने तो अमलात आला नाही. न्यूझीलंडमध्ये जुलै २०१३ पासून नोकरीसाठी मालकाने मागितलेली चाचणी टाळणाऱ्या बेकारांवर कारवाईची तरतूद झाली. ब्रिटनमधील लाभार्थींच्या चाचणीची २००९ ची तरतूद सत्तांतरानंतर बारगळली.

भारत : पंजाबात २०१८ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा आदेश निघाला, तो कल्याणयोजनांशी संबंधित नाही.

मूल्यमापन : करदात्याला चाचणी देऊनच नोकरी मिळत असेल तर त्याच्या पैशावर जगणाऱ्यानेही ती द्यावी, हा समर्थकांचा मुख्य मुद्दा. खासगी मालकाला संविधानाची बंधने लागू नाहीत, शासनाला आहेत, हे या तुलनेत सुटते. शेती-अनुदान किंवा करसवलत घेणाऱ्यांना ही अट का नाही, हा विरोधकांचा प्रश्न समानतेच्या दृष्टीने सबळ असला तरी खटल्यांचा निकाल त्यावर लागलेला नाही. चाचणीमुळे किती जण उपचारांकडे वळले, हा वस्तुतः महत्त्वाचा निकष. पण राज्यांचे अहवाल बहुधा सदोष निकालांचे आकडे देऊन थांबतात.

फ्लॉरिडाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली नाही. त्यामुळे लेब्रॉन निर्णय केवळ फ्लॉरिडा, जॉर्जिया व अलाबामा या राज्यांतच बंधनकारक आहे.