चाळीस सेकंद

परवा माळ्यावरची आवराआवरी करताना सीडींचा जुना गोल डबा सापडला. झाकणावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "आण्णा – जपून". हे "जपून" वाचून हसू आलं आणि मग जरा वेळ खालीच बसले. कारण त्या डब्यात जे जपलं होतं, त्यातलं थोडं कायमचं गेलंय आणि ते घालवणारी मीच आहे. भाचरं अधूनमधून विचारतात, "आत्या, पणजोबांच्या टेपमध्ये मध्येच खरखर का आहे गं?" त्यांच्यासाठी एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. त्यांचा जन्म १९२८ चा. गाव कृष्णेच्या खोऱ्यातलं. ते जन्मले तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाच्या नव्या जिल्ह्यात गेलं आणि १९६० पासून सांगली जिल्ह्यात आहे. आण्णा म्हणायचे, "मी घर बदललं नाही, सरकारनं जिल्हा बदलला." लग्नानंतर आई साताऱ्यात आली आणि मामा सांगलीत नोकरीला लागले. त्यामुळे आमच्या घरात अजूनही एसटीच्या वेळा पाठ असतात.

१९४२ च्या सप्टेंबरात जुन्या सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. लोकांच्या तोंडी ते "पत्री सरकार". ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं पगाराची रेल्वे लुटली. हे पुस्तकांत आहे. आण्णा पुस्तकात नाहीत. पंधरा वर्षांचा पोरगा, ओढ्याकाठच्या वस्तीवर रात्री भाकरी पोचवायचा आणि येताना चिठ्ठी आणायचा, एवढंच त्यांचं काम. पण त्या भाकरी थापणारी बाई कोण, कुठल्या वाटेनं जायचं, कुत्री भुंकू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं ते रंगवून सांगायचे. १९९३ च्या दिवाळीत मामांनी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून त्यांना बोलतं केलं. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरल्या. १९९६ ला आण्णा गेले.

२००५ च्या महापुरात मामांच्या घरात पाणी शिरलं. लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली. कॅसेट तेव्हा योगायोगानं आमच्याकडे होती म्हणून वाचली. मामा म्हणाले, "आता हिची सीडी कर. दोन कर. एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं."

२००६ च्या मे महिन्यात मी ते मनावर घेतलं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात घातली आणि आण्णांचा आवाज हार्ड डिस्कवर उतरवला. मिनिटाला साधारण दहा एमबी! आमची हार्ड डिस्क तेवढ्यानंच कण्हू लागली. मग नीरो उघडलं. (रोम जळत असताना फिडल वाजवत होता अशी दंतकथा असलेल्या बादशहाचं नाव सीडी "जाळणाऱ्या" प्रोग्रॅमला देणाऱ्याला खरंच दाद दिली पाहिजे.)

आता थोडा इतिहास सीडीचा. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून आणलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात विक्रीला आली. ती कारखान्यात छापली जायची. घरी लिहिता येणारी सीडी जपानच्या तैयो युदेन कंपनीनं १९८८ मध्ये तयार केली. तिच्यात खड्डे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरनं तापवला की त्या जागेचा गुण बदलतो आणि वाचताना तिथून प्रकाश कमी परततो. म्हणजे "जाळणं" हा शब्द अगदीच खोटा नाही. आपल्याकडे मोझर बेअरनं १९९९ च्या सुमारास अशा सीडी बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत कोरी सीडी स्टेशनरीच्या दुकानात वहीशेजारी येऊन बसली. २०१८ मध्ये त्या कंपनीच्या लिक्विडेशनचा आदेश निघाला. केवढंसं आयुष्य या सगळ्या युगाचं!

माझ्या सीडीवर मात्र कोणाचंच नाव नव्हतं. सुटी, स्वस्तातली. आणि त्या दिवसांत लोडशेडिंग. आमच्याकडची लाइट दुपारी जायची. पहिली सीडी लिहिता लिहिता लाइट गेली आणि ती सीडी चहाच्या कपाखाली ठेवण्याच्या लायकीची झाली. २००० साली सान्योनं एक युक्ती काढली होती. कॉम्प्युटरकडून माहिती यायला उशीर झाला तर लेझर थांबतो आणि पुन्हा तिथूनच सुरू करतो. पण घरातली लाइटच गेल्यावर ती युक्ती काय करणार!

दुसऱ्या दिवशी म्हणून मी घाई केली. ५२ एक्स, म्हणजे सगळ्यात जास्त वेग निवडला. साठ मिनिटांचे आण्णा तीन मिनिटांत तयार. घाईत तपासणीच्या चौकोनात खूणही केली नाही. वर छानसं कागदी लेबल चिकटवलं. वाजवून पाहिली ती पहिली दहा मिनिटं. ही साताऱ्याची प्रत.

शेवटपर्यंत ऐकली ती आठवड्यानं. पन्नासाव्या मिनिटापासून टकटक, मग अडखळणं. तेव्हा शोधाशोध करून जे कळलं ते असं. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. डिस्क जोरात फिरत असते आणि लेझर कडेकडे सरकेल तसा लिहिण्याचा वेग वाढत जातो, ५२ चा आकडा गाठला जातो तो कडेलाच. रंग साधा असेल तर तिथल्या खुणा अर्धवट उमटतात. कागदी लेबलानं डिस्कचा तोल जातो, तोही कडेलाच जास्त जाणवतो. आणि ऑडिओ सीडी आपल्या चुका लपवते. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोघांनी मांडलेल्या गणितावर तिची दुरुस्ती चालते. साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा ती पूर्ण भरून काढते. त्यापुढे मात्र अंदाजानं आवाज भरते आणि तेही जमेना की टकटक करते. डेटा सीडीत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, २३५२ बाइटांतले २०४८ च आपले, बाकीचे बरेचसे राखणीला. मी डेटा म्हणून लिहायला हवं होतं. पण मामांच्या प्लेअरवर वाजायला हवी होती ना!

मग मामांची प्रत नीट केली. बरी सीडी आणली, सकाळी लाइट असताना १६ एक्सवर लिहिली (अगदी १ किंवा २ वर लिहिणंही बरं नाही, नव्या सीडींचा रंग त्यासाठी बनवलेला नसतो), तपासणी केली, लेबल न लावता मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करनं लिहिलं. शेवटपर्यंत ऐकली. स्वच्छ होती. आणि त्या आनंदात मी दोन गोष्टी केल्या. जागा हवी म्हणून हार्ड डिस्कवरची फाइल उडवली. आणि धाकट्या भाचीच्या स्नेहसंमेलनाची तयारी म्हणून तिचं बडबडगीत टेप केलं, घरात होती त्या कॅसेटवर. आण्णांच्याच. सीडी आहे ना आता, मग कॅसेट कशाला?

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मामामामी वेळेत बाहेर पडले. रेशन कार्ड, घराची कागदपत्रं आणि सीडी असलेला स्टीलचा डबा कपाटातच राहिला. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा डब्याच्या आत चिखल होता. मामा मला म्हणाले, "तुझ्याकडची आहे ना?" मी हो म्हणाले. साताऱ्याची प्रत शेवटी बिघडलेली आहे, हे मी त्यांना तेरा वर्षं सांगितलंच नव्हतं.

म्हणून मीच ती चिखलातली सीडी घाईघाईनं उचलली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली. ताट पुसतो तशी, गोल गोल.

सीडी पाण्यात धुवावी, चोळू नये, आणि पुसायचीच तर मधून कडेकडे सरळ पुसावी. कारण आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकेकदाच छेदतो, ते भरून निघतं. गोल ओरखडा वेढ्याच्या बरोबरीनं धावतो. एका मिलिमीटरात सहाशेच्या वर वेढे असतात आणि कडेच्या बाजूला एक वेढा म्हणजे पाव सेकंद आवाज. पाव मिलिमीटर रुंदीचा ओरखडा घ्या आणि गुणाकार करा, चाळीस सेकंद येतात. मी तो गुणाकार नंतर केला. एक वाळूचा कण पुरला.

घरी आणून सावकाश, पुन्हापुन्हा वाचून घेतली. आठवडाभर चिखलात राहिलेली ती सीडी बावन्नाव्या मिनिटापर्यंत स्वच्छ आणि पुढेही स्वच्छ. मधे चाळीस सेकंद तुटक आवाज, शब्द लागत नाहीत. साताऱ्याची, कोरड्या कपाटातली, तोपर्यंत पन्नासच्या पुढे वाचलीच गेली नाही. दोन प्रती होत्या आणि दोन्हींत तीच जागा नाही.

त्या चाळीस सेकंदांत आण्णा भाकरी थापणाऱ्या त्या बाईंचं नाव सांगतात. आधी ऐकू येतं, "आता त्या माउलीचं नाव घेतो, ती कुठं लिहिलेली नाही…" आणि नंतर ऐकू येतं, "…पाठीत काठ्या खाल्ल्या, पण तोंड उघडलं नाही." आई एक नाव सांगते, मामा दुसरं. दोघंही ठाम. मी स्वतः ते नाव निदान चार वेळा ऐकलंय आणि मला आठवत नाही.

उरलेली एकोणसाठ मिनिटं आता तीन ठिकाणी आहेत, सगळ्यांच्या मोबाइलवरही आहेत. त्या जुन्या कॅसेटमध्ये भाचीचं बडबडगीत अजून वाजतं. मध्ये दोन ओळींच्या फटीत कान देऊन ऐकलं तर कधी कधी पुरुषी आवाजासारखं काही वाटतं. तसं होत नसतं, पुसलं म्हणजे पुसलं, हे मला माहीत आहे. तरी ऐकते.

गेल्या महिन्यात मामांना सीडीचं खरं काय ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गावाकडं एक म्हातारी आहे अजून, त्या वस्तीवरची. नव्वदीची असंल. लाइट असताना जाऊ, असं काही नाही आता. उद्याच जाऊ."