रेशमातले पक्षी आणि तीन इंचांचे बूट

शाळेत इतिहास शिकवताना आम्ही मुलांकडून राजांची नावं, लढायांची सालं आणि तहांची कलमं पाठ करून घेत असू. अंगावरच्या कपड्यांवर परीक्षेत कधी प्रश्न आल्याचं मला आठवत नाही. पण मंडळी, कपडे किती बोलतात आणि किती लपवतात, हे लंडनला लेकीकडे गेले असताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले चिनी भरतकामाचे कपडे पाहताना फार जाणवलं.

अशा ठिकाणी रेशमाजवळचे दिवे मुद्दाम मंद ठेवतात. उजेडाने रंग उडतात आणि धागा कमजोर होतो. आपले डोळे सरावायला जरा वेळ लागतो, आणि मग समोरचा झगा हळूहळू उमटत जातो. निळ्या रेशमावर सोनेरी नाग... नाग कसले, ड्रॅगनच ते! तळाशी तिरप्या रंगीत पट्ट्यांचं पाणी, त्यावर लाटा, लाटांतून वर येणारे डोंगर, वर ढग. म्हणजे झग्यावर सगळं विश्वच भरलेलं. तो घालणाऱ्याचं डोकं गळ्यातून बाहेर आलं की ते थेट आकाशाच्याही वर! बाह्यांची टोकं मात्र घोड्याच्या खुराच्या आकाराची. १६४४ साली बीजिंगच्या गादीवर आलेले मांचू हे मूळचे घोडेस्वार. राज्य मिळालं, रेशीम मिळालं, तरी घोड्याची आठवण त्यांनी बाहीवर जपली.

मला सर्वांत गंमत वाटली ती छातीवरच्या चौकोनी तुकड्यांची. वीतभराहून जरा मोठा चौकोन, आणि त्यात एक पक्षी किंवा एक जनावर. ही नुसती शोभा नव्हे, हा हुद्दा! मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांना जनावरं. मुलकीत नऊ श्रेणी. पहिलीला करकोचा, तिसरीला मोर, चौथीला रानहंस, आठवीला लावा. लष्करात सिंह, चित्ता, वाघ, अस्वल असा उतरता क्रम. ही पद्धत मिंग राजवटीत १३९१ साली ठरली आणि छिंग राजवटीने ती पुढे चालवली. छ्येनलुंग सम्राटाने तर १७५९ मध्ये दरबारी पोशाखाचा सचित्र नियमग्रंथच करवून घेतला. कोणी काय, कोणत्या रंगाचं आणि किती नख्यांचा ड्रॅगन असलेलं घालायचं, सगळं लिहिलेलं.

बायकोच्या अंगावर नवऱ्याच्याच हुद्द्याचा पक्षी असे, फक्त उलट्या दिशेला तोंड केलेला. दोघं शेजारी बसली की त्यांचे पक्षी एकमेकांकडे पाहत! आणखी एक गोष्ट पाहा. उत्तरकाळातल्या बऱ्याच चौकोनांत मागची नक्षी आधी तयार असे आणि पक्षी वेगळा भरून वरून टाचलेला असे. बढती झाली की जुना उसवायचा आणि नवा लावायचा. नोकरीतली आशा इतक्या व्यवहारीपणे शिवलेली मी कुठे पाहिली नव्हती.

त्यात एक ओळखीचा टाकाही भेटला. शाळेत शिवणाच्या तासाला आम्ही फ्रेंच नॉट शिकलो होतो, त्याच्याच कुळातला गाठीचा टाका. आम्ही फुलाच्या मध्यावर पाच-सहा गाठी घालून थकायचो. इथे अख्ख्या पाकळ्या आणि अख्खी फुलपाखरं मोहरीएवढ्या गाठींनी भरलेली. सोनेरी धागाही नुसता धागा नव्हे. सोन्याचा वर्ख लावलेल्या कागदाची बारीक पट्टी रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळायची, तो दोरा कापडावर अंथरायचा आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने जागोजाग टाचायचा. कापडातून ओढला तर वर्ख निघेल ना!

चिनी रेशीम आपल्याला परकं नाही. संस्कृतात त्याला ‘चीनांशुक’ असा शब्दच आहे. आणि मुंबईच्या पारशी घरांतला ‘गारा’ म्हणजे हेच भरतकाम. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनला जात. येताना घरच्या बायकांसाठी कँटनकडचं भरलेलं रेशीम आणत. ठिपक्यांच्या एका नक्षीला पारशी बायकांनी चक्क ‘कांदा-पापेटा’, म्हणजे कांदा-बटाटा, असं घरगुती नाव दिलं. नाव ऐकून हसू येतं, पण त्याच व्यापारातल्या अफूपायी १८३९ ते १८४२ असं युद्ध पेटलं आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, हेही गाऱ्याच्या घडीत विसरू नये.

आणि मग ते बूट. लाल रेशमाचे, टोकदार, अंगभर फुलं भरलेले. माझ्या तळहातावर सहज मावले असते. नातीने विचारलं, “आजी, हे बाहुलीचे आहेत का?” मी म्हटलं, “नाही गं, तुझ्या आईएवढ्या बाईचे आहेत.” तिचा विश्वासच बसेना.

पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या पायाची अंगठा सोडून बाकीची चार बोटं तळव्याखाली दुमडून लांब पट्टीने आवळत. हाडं मोडत, कमान वर येई, आणि पाऊल वाढायचंच थांबे. तीन इंचांचं पाऊल म्हणजे ‘सुवर्णकमळ’. हे करणारी बहुधा आईच असे. का? तर तसं न केल्यास लेकीचं लग्न जमणार नाही म्हणून. तीच आई लेकीच्या हातात सुईही देई. आपले बूट आपणच भरायचे, आणि त्या टाक्यांवरून सासरचे सुनेचं कसब आणि सोशिकपणा पारखत.

मांचू बायका पाय बांधत नसत. त्यांच्या दरबाराने १६६० च्या दशकात या चालीवर बंदी घालून पाहिली, पण ती टिकली नाही. मग ही चाल मोडली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खांग योवेई, ल्यांग छिछाओ यांच्यासारखे सुधारक आणि परदेशी मिशनरी पुढे आले. त्यांनी काढलेल्या मंडळांतली शपथ मला फार शहाणपणाची वाटते. आम्ही लेकींचे पाय बांधणार नाही, आणि बांधलेल्या पायांची सूनही करून घेणार नाही. म्हणजे आईची भीती जिथे होती तिथेच त्यांनी हात घातला. १९०२ मध्ये राजमाता त्सशीने या चालीविरुद्ध आज्ञापत्र काढलं आणि १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने बंदी घातली. तरी खेड्यापाड्यांत ती पुढे कित्येक वर्षं रेंगाळली.

त्याच १९१२ मध्ये छिंग घराणंही गेलं. पक्ष्यांच्या चौकोनांना अर्थ उरला नाही. परदेशी प्रवाशांनी ते विकत घेतले आणि कित्येकांच्या तर पिशव्या आणि उश्यांचे अभ्रे झाले. इतका मोठा हुद्दा, पण उसवला की सुटा झाला.

बुटांचं तसं नव्हतं. कायदा आला तेव्हा ज्यांचे पाय आधीच घडवले गेले होते त्या बायकांना पट्ट्या सोडल्यावरही चालायला त्रास होई. मोडलेलं हाड पुन्हा मूळच्या जागी येत नाही. अधिकाऱ्यांची श्रेणी आज पक्षी पाहून कोणालाही सांगता येते, पण ती लाल फुलं भरणाऱ्या बहुतेक बायकांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांचा इतिहास म्हणून मागे उरले आहेत ते टाके, आणि तेही किती सुबक!