जात्यावरचा बँड

गेल्या काही वर्षांत जगभर एक मस्त खूळ आलंय. फारशा कुणी न ऐकलेल्या जुन्या रॉक बँडचं रेकॉर्डिंग अडगळीतून शोधायचं, साफसूफ करायचं आणि नव्याने बाजारात आणायचं. आपल्याकडचंही उदाहरण आहे. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हा मुंबईचा सत्तरच्या दशकातला बँड. त्यांची एकुलती एक एलपी, 'ऑब्सेशन 77', आली 1981 मध्ये आणि लोक ती विसरूनही गेले. 2011 मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हा बँड कळला.

आता म्हणाल, भोर-वेल्ह्याच्या डोंगरात कुठला आलाय बँड? तोरण्याला जाताना वेल्ह्यात चहा-पोहे हाणणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी तो कधी दिसला नाही. पण होता. दोन बायका समोरासमोर, मधे जातं, खुंट्यावर दोघींचा हात, वेळ भल्या पहाटेची. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. माहेर, भाऊ, सासूचा जाच, सीतेचा वनवास, विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर... घरात कुणाला सांगता येणार नाही ते सगळं जात्याला सांगायचं. ऐकायला कुणी नाही, तिकीट नाही, टाळ्या नाहीत.

मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांचे हात सुटले, आणि ते सुटायलाच हवे होते. पण जातं थांबलं तसं गाणंही थांबलं.

ते पुरतं थांबण्याआधी पुण्यातल्या दोघांनी ते टिपायला घेतलं. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ. ऐंशीच्या दशकात ते गरीब डोंगरी संघटनेच्या माणसांबरोबर पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात काम करत होते. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे करत करत हे काम राज्यभर पसरलं. वीसेक वर्षांत हजारावर गावं, तीन हजारांहून जास्त गायिका आणि एक लाखाहून जास्त ओव्या!

नव्वदच्या दशकात त्यांना येऊन मिळाले बर्नार्ड बेल. हा आपल्या जातीचा माणूस, म्हणजे कॉम्प्युटरवाला. लखनौच्या तबल्याचे कायदे समजून घेणारं 'बोल प्रोसेसर' हे सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलेलं. त्यांनी ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि 120 तासांहून जास्त ध्वनिमुद्रण डॅट टेपवर केलं. पुढे सोनीने डॅट मशीन बनवणंच 2005 मध्ये बंद केलं. पॉइत्वाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. काम अर्धवट राहिलं. सगळं विसरलं जायला एवढं पुरेसं असतं.

पण गेलं नाही. 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी', या ओव्या भाषांतरासह इंटरनेटवर प्रकाशित करू लागली. इतकंच नाही, तर त्यांची माणसं जुन्या गायिकांच्या गावी गेली, त्यांना भेटली आणि पुन्हा गायला लावून त्यांचे व्हिडिओ केले.

हे कशामुळे जमलं? मी पोटासाठी डेटाबेसच सांभाळतो, त्यामुळे माझी नजर तिथेच गेली. जमलं ते टेपमुळे नव्हे, टेपवरच्या चिठ्ठीमुळे. एरवी लोकगीत म्हटलं की आपण 'पारंपरिक' असा शिक्का मारून मोकळे होतो. इथे प्रत्येक ओवीपुढे बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. तीच ओवी शेजारच्या गावात दोन शब्द बदलून आली तर ती वेगळी नोंदवली आहे. रॉक बँडच्या रेकॉर्डवर निदान कव्हर असतं, त्यावरून वादक शोधता येतात. या बायकांना कव्हर मिळालं ते या डेटाबेसमुळे. नाव नसतं तर परत जाणार कुणाकडे?

आता जरा हिशोब करा. 120 तास म्हणजे 7,200 मिनिटं. त्यात बायकांशी झालेल्या गप्पाही आल्या. ओव्या लाखाच्या वर. म्हणजे बहुतेक ओव्यांचे शब्द आहेत, आवाज नाही. आणि ज्यांनी खरोखर जात्यावर बसून गायलं, त्या आता आज्या-पणज्या झाल्यात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी राजगड-तोरणा करून उतराल आणि एखाद्या ओसरीवर पाणी प्यायला थांबाल, तेव्हा आजींना ओवी विचारून बघा. गायल्या तर त्यांच्या परवानगीने मोबाइलवर रेकॉर्ड करा. फाइलला 'ट्रेक ऑडिओ 3' असलं नाव मात्र नका देऊ. आजींचं नाव, गावाचं नाव, तारीख. एवढं लिहिलंत तरी पुष्कळ झालं.